हशा, साधी वाणी आणि साक्ष : श्राव्य कवितेतील प्रामाणिकपणाचा प्रश्न

१

मराठी समीक्षेत एखाद्या कवितेला ‘टाळ्यांची कविता’ म्हटले जाते तेव्हा तो केवळ वाङ्मयीन अभिप्राय नसतो. त्यात एक नैतिक निवाडाही दडलेला असतो. ही कविता श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहून लिहिली गेली आहे, तिला स्वतःचे म्हणणे नाही, आणि तिच्यातला विनोद ही समूहाची मर्जी संपादन करण्याची युक्ती आहे, असे त्या शब्दांत अभिप्रेत असते. सभागृहातून बाहेर पडणाऱ्या रसिकाचे मत नेमके ह्याच्या उलट असते. कवी सरळ बोलला, आडपडदा न ठेवता बोलला, हसवता हसवता खरे सांगून गेला, असे तो म्हणतो. त्याच्या लेखी साधी भाषा आणि हशा ह्या दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणाच्या खुणा ठरतात. एकाच अनुभवाबद्दलचे हे दोन निवाडे परस्परविरोधी असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. प्रामाणिकपणा हा कवीच्या अंतःकरणात असणारा किंवा नसणारा गुण असून विनोद व साधेपणा ही त्याच्या असण्याची वा नसण्याची बाह्य लक्षणे होत, हे ते गृहीतक. प्रस्तुत लेखात त्याची तपासणी करावयाची आहे.

मोठ्याने वाचली जाणारी, बोलभाषेजवळची आणि हसवणारी कविता आपण प्रामाणिक म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, आणि हशा त्या प्रामाणिकपणाला पोषक असतो की मारक, असा येथील प्रश्न आहे. चालीवर म्हटली जाणारी कविता आणि गझलेची मैफल येथे विचारात घेतलेली नाही. त्यांत सूर हा स्वतंत्र घटक असतो आणि त्याचे प्रश्न निराळे आहेत. ज्या कवितेत कवी ‘बोलतो’ असा श्रोत्याचा समज होतो, तिच्यापुरताच हा विचार मर्यादित आहे.

२

समूहासमोर म्हटली जाणारी हसवणारी कविता मराठीला नवी नाही. एकनाथांच्या भारुडांत बोलणारा कधी वासुदेव असतो, कधी जोशी, तर कधी विंचू चावल्यामुळे थयथयाट करणारा कोणी सामान्य इसम. विंचवाच्या भारुडाचे सादरीकरण पाहणारा समुदाय त्या थयथयाटाला हसतो. मात्र तो विंचू कामक्रोधांचा आहे हे कळते तेव्हा आपल्यालाही तो चावलेला आहे, हे त्याला मान्य करावे लागते. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. हशाचा विषय झालेला माणूस स्वतःच बोलतो आहे, ही पहिली. हसणारा त्या विषयापासून अखेरपर्यंत अलग राहू शकत नाही, ही दुसरी. पुढील विवेचनात ह्या दोन गोष्टींकडे पुन्हा यावे लागेल.

आधुनिक काळात सार्वजनिक काव्यसादरीकरणाला मोठे चलन मिळाले ते १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळामुळे. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ह्या कवींच्या काव्यगायनाने कविता हा मध्यमवर्गीय श्रोत्याच्या सायंकाळचा भाग बनला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, प्र. के. अत्रे ह्यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह ‘केशवकुमार’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. ह्या दोन घटनांचा क्रम सूचक आहे. उत्कट, हळवा, भारावलेला स्वर सवयीचा होऊ शकतो, तो नकलेतून हुबेहूब उभा करता येतो, आणि म्हणून तो स्वर आहे एवढ्यावरून त्यामागची भावना खरी आहे असे मानता येत नाही, हे ह्या विडंबनांनी दाखवून दिले. आधुनिक मराठी कवितेत हशा अशा रीतीने भावनेच्या सच्चेपणाचा परीक्षक म्हणून अवतरला.

स्वातंत्र्योत्तर काळात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर ह्यांच्या एकत्रित काव्यवाचनांनी गायनापेक्षा वाचनाला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि नारायण सुर्वे ह्यांनी कामगारवस्तीतील बोलणे व्यासपीठावर आणले. पुढे ‘वात्रटिका’ हा प्रकार पाडगांवकरांकडून रामदास फुटाणे आदींकडे आला आणि कविसंमेलनांचा एक स्थायी भाग बनला. ह्या वाटचालीत एक अदलाबदल घडून आली. पूर्वी हळवा स्वर सच्चेपणाचे प्रमाणपत्र मानला जात असे. आता साधा, मिस्कील, बोलका स्वर त्याच जागी येऊन बसला. अत्र्यांनी पहिल्या स्वराची परीक्षा घेतली. दुसऱ्या स्वराची परीक्षा समीक्षेने अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

३

प्रथम साधेपणाचा विचार करू. वर्डस्वर्थने ‘लिरिकल बॅलड्स’च्या १८०० च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत सामान्य माणसांच्या खऱ्या भाषेचा पुरस्कार केला, तेव्हापासून साधी भाषा आणि सत्य ह्यांचे नाते काव्यविचारात रूढ झाले आहे. परंतु साधी भाषा म्हणजे शैलीचा अभाव नव्हे; तीही एक शैलीच असते. बोलताना आपण अडखळतो, वाक्ये अर्धवट सोडतो, तेच ते पुन्हा सांगतो. श्राव्य कवितेतील ‘बोलणे’ ह्यांतून निवडून, वेचून आणि ठिकठिकाणी थांबवून घडवलेले असते. त्यामुळे ते खोटे ठरत नाही. पण ते आपोआप खरेही ठरत नाही.

शिवाय साधेपणा कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न उरतोच. नामदेव ढसाळ ह्यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) ह्या संग्रहाला विजय तेंडुलकर ह्यांनी प्रस्तावना लिहिली. त्या कवितांतील अनेक शब्दांचे अर्थ तेंडुलकरांसारख्या भाषेचा कान असलेल्या नाटककारालाही कवीकडून समजून घ्यावे लागले होते. ज्या वस्तीतून ते शब्द आले तेथे ते रोजच्या वापरातले, म्हणजे साधेच होते. आपण ज्याला साधे म्हणतो ते पुष्कळदा आपल्या वर्गाला परिचित असणारे असते. व्यासपीठावरील कवी ‘सर्वांना समजेल असे’ बोलतो तेव्हा त्या ‘सर्वां’त कोण मोजलेले आहे, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

साधेपणा जर सत्याचा पुरावा नसेल, तर त्याचे नैतिक मूल्य कशात आहे? माझ्या मते ते तपासणीयतेत आहे. दुर्बोध कविता श्रोत्याला काही काळ तरी निवाडा स्थगित ठेवावयास लावते. आपल्याला कळले नाही, ह्या शंकेत तो अडकतो. साध्या कवितेला हे संरक्षण नसते. तिने केलेले विधान श्रोत्याला तत्क्षणी समजते आणि त्यामुळे तत्क्षणी नाकारताही येते. साधी भाषा वापरणारा कवी श्रोत्याला जणू एक वचन देतो : मी जे सांगतो आहे ते तुझ्या आवाक्यात आहे, ते पडताळून पाहा. हे वचन पाळले जाते की नाही, हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. नुसती भाषा साधी असणे म्हणजे वचन पाळणे नव्हे.

४

मराठी समीक्षेत प्रामाणिकपणाची चर्चा बहुतांशी आत्मनिष्ठेच्या अंगाने झाली. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) मध्ये आत्मनिष्ठेला जे स्थान दिले, त्यामुळे लेखकाचे स्वतःच्या अनुभवाशी असलेले इमान हा एक महत्त्वाचा निकष ठरला. लायोनेल ट्रिलिंग ह्यांनी ‘सिन्सिअॅरिटी अँड ऑथेंटिसिटी’ (१९७२) मध्ये सच्चेपणाची जी व्याख्या गृहीत धरली आहे, तीही उक्ती आणि प्रत्यक्ष भावना ह्यांच्या अनुरूपतेवर आधारलेली आहे. छापील कवितेच्या बाबतीत ही कल्पना काही अंतरापर्यंत उपयोगी पडते. मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या कवितेजवळ येताच तिच्यात अडचण निर्माण होते.

ही अडचण पुनरावृत्तीची आहे. कवी तीच कविता पन्नास गावांत वाचतो. कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर आवाज खाली आणायचा, हशा ओसरेपर्यंत किती वेळ द्यायचा, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. पन्नासाव्या वाचनात ती भावना त्याच्या मनात पहिल्यासारखी जिवंत असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दिदरोने नटाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध विवेचनात हेच दाखवले आहे : श्रेष्ठ नट भावनेने व्याकूळ होत नाही, तर तिच्या खुणांवर प्रभुत्व मिळवतो. मग उत्स्फूर्त वाटणारा विराम ठरवून घेणारा कवी नटाच्याच पंक्तीत बसतो काय? आणि बसत असेल तर ‘मनापासून बोलला’ ह्या रसिकाच्या प्रशस्तीला काय अर्थ उरतो?

प्रामाणिकपणा म्हणजे उक्ती आणि त्या क्षणीची भावना ह्यांची जुळणी, अशी व्याख्या केली तर प्रत्येक दुसरे वाचन खोटे मानावे लागेल. हा निष्कर्ष स्वीकारता येण्याजोगा नाही. म्हणजे व्याख्येतच काही दोष असला पाहिजे. ह्या ठिकाणी साक्षीदाराचे उदाहरण उपयोगी पडेल. साक्षीदार पोलिसांसमोर, वकिलासमोर आणि न्यायालयात तेच कथन पुन्हा पुन्हा करतो. तिसऱ्या वेळी त्याचा कंठ दाटून येत नाही म्हणून आपण त्याला खोटा म्हणत नाही. आपण निराळे प्रश्न विचारतो. तो आपल्या शब्दाच्या पाठीशी उभा राहतो काय? उलटतपासणीला तो तयार आहे काय? आणि मुख्य म्हणजे, स्वतःला गैरसोयीचा असलेला भाग तो गाळतो काय? साक्षीचा प्रामाणिकपणा भावनेच्या ताजेपणात नसून उत्तरदायित्वात असतो.

श्राव्य कवितेचा प्रामाणिकपणा आत्मनिष्ठेच्या प्रतिमानापेक्षा साक्षीच्या प्रतिमानाने अधिक चांगला समजतो, असे मला सुचवावयाचे आहे. विरामाची आखणी ह्या दृष्टीने आक्षेपार्ह ठरत नाही. आक्षेपार्ह ठरते ती गैरसोयीचा भाग गाळण्याची क्रिया. आणि हा भाग गाळण्याचे सर्वांत सोयीचे साधन व्यासपीठावर कोणते असेल तर ते म्हणजे हशा.

५

हशाची नैतिक संदिग्धता त्याच्या वेगात आहे. एखादे विधान खरे की खोटे ह्याचा विचार करण्यापूर्वीच श्रोता हसून गेलेला असतो, आणि हसणे ही एक प्रकारची संमती असते. शिवाय तो एकटा हसत नाही. हसू हे नेहमी समूहाचे असते आणि ते फुटण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिर व्हावे लागते, हे बर्गसाँने १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यमीमांसेत सांगितले आहे. भोवतालचे सर्व हसत असताना न हसणारा श्रोता उपरा ठरतो. म्हणून हशाने मिळणारी संमती जशी अविचारी असते, तशी ती पूर्णतः ऐच्छिकही नसते.

नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना दोन दोन असे वाटून दिले आहेत. ह्या वर्गवारीतील प्रकृतींची उतरंड आज आपण स्वीकारणार नाही. तिच्यातील एक जाण मात्र टिकाऊ आहे. हास्याचा विचार येथे केवळ हास्यविषयावरून केलेला नाही, तर हसणाऱ्यावरूनही केलेला आहे. हसू हे हसणाऱ्याविषयीही काही सांगते. श्राव्य कवितेच्या संदर्भात हे सूत्र महत्त्वाचे ठरते, कारण तेथे हसणारा समोर बसलेला असतो आणि कवी त्याच्या हसण्याचा उपयोग पुढील ओळीसाठी करू शकतो.

हा उपयोग दोन परस्परविरुद्ध दिशांनी होऊ शकतो. राजकीय वात्रटिकेचा एक सर्वसाधारण नमुना पाहू. पुढारी, दलाल, कंत्राटदार ह्यांच्यावर नेमका शेरा मारला जातो आणि सभागृह दणाणते. ह्यात असत्य काही नसते. फूकोने १९८३ मध्ये बर्कली येथील व्याख्यानांत ‘पार्हेसिया’ ह्या ग्रीक कल्पनेचे विवेचन केले. निर्भय सत्यकथनात बोलणारा आपल्याहून बलवान असलेल्याला अप्रिय सत्य सांगतो आणि त्याची जोखीम पत्करतो, हा त्यातील गाभा होय. पुढारी सभागृहात नसेल आणि श्रोता आधीच त्याच्यावर रुष्ट असेल, तर त्याच्यावरील शेऱ्यात फारशी जोखीम उरत नाही. ज्याच्या मर्जीवर कवीचे यश अवलंबून आहे तो सभागृहातील बलवान माणूस म्हणजे श्रोता. म्हणून श्राव्य कवितेतील निर्भयतेची कसोटी श्रोत्यासंबंधी घ्यावयास हवी. अनुपस्थितांवर हसून उपस्थितांना निर्दोष सोडणारा विनोद साक्षीतील गैरसोयीचा भाग गाळतो. तो खोटे बोलत नाही, अर्धे बोलतो.

अर्थात वात्रटिका हा प्रकारच सदोष आहे, असा ह्याचा अर्थ नव्हे. फुटाणे ह्यांच्या ‘भारत कधी कधी माझा देश आहे’ ह्या शीर्षकाचेच उदाहरण घ्या. शाळेत प्रत्येकाने हात पुढे करून म्हटलेल्या प्रतिज्ञेत दोन शब्दांची भर घालून ते तयार झाले आहे. ती प्रतिज्ञा पुढाऱ्याची नाही, श्रोत्याची आहे. हसताना त्याला स्वतःच्याच तोंडचे शब्द ऐकावे लागतात, आणि ‘कधी कधी’चा हिशेब स्वतःपाशीच मागावा लागतो. प्रकार तोच असला तरी हशाची दिशा येथे बदलली आहे.

६

ही दिशा किती दूरवर जाऊ शकते, हे नारायण सुर्वे ह्यांच्या ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ह्या कवितेवरून दिसते. कवितेतील प्रसंग साधा आहे. देहविक्रय करणारी एक स्त्री आपल्या मुलाला शाळेत घालण्यासाठी आली आहे. नोंदवहीत बापाचे नाव लिहावयाचे आहे आणि ते तिच्यापाशी नाही. ती मास्तरांना त्यांचेच नाव लिहावयास सांगते. संपूर्ण कविता तिच्या बोलीत आहे. कवीचे स्वतःचे निवेदन त्यात नाही.

तिच्या मागणीत विनोदाची सर्व शास्त्रोक्त सामग्री आहे. हास्याचे मूळ अनौचित्यात असते, हा अभिनवगुप्तांचा विचार येथे तंतोतंत लागू पडतो. प्रतिष्ठित शिक्षकाला भलत्याच मुलाचा बाप व्हावयास सांगणे, तेही नोंदवहीसारख्या कोरड्या शासकीय जागी, हे अनुचित आहे आणि म्हणून हसू आणणारे आहे. पण ज्याला हसायचे तो मास्तर आहे कोण? छापील पानावर तो कवितेतील एक पात्र असतो. मोठ्याने वाचताना मात्र संबोधनाची दिशा बदलते. वाचणारा ‘मास्तर’ म्हणून समोर पाहतो आणि समोर श्रोते बसलेले असतात. खुर्चीवर बसून ऐकणारे, नाव विचारण्याचा अधिकार असणारे, बहुधा शिकलेसवरलेले हे श्रोते मास्तरांच्या जागी जाऊन बसतात. ते ज्याला हसले तो अवघडलेला माणूस तेच आहेत. आणि तिची मागणी आता थट्टा राहत नाही. ह्या मुलाला नाव देण्याची जबाबदारी कोणाची, असा तो उघड प्रश्न होतो. सभ्य समाजाने ज्या संबंधांकडे डोळेझाक केली, त्यांचे अपत्य त्याच समाजाच्या शाळेच्या दारात उभे आहे.

ह्या कवितेतील प्रामाणिकपणा आत्मनिष्ठेच्या कल्पनेने उलगडत नाही, कारण बोलणारी व्यक्ती कवी नव्हे. तो कबुलीजबाबही नाही. तरीही ह्या साक्षीत कवीने स्वतःसाठी सुरक्षित जागा राखून ठेवलेली नाही. सुर्वे स्वतः मुंबईत महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. म्हणजे ज्या मास्तरला ही स्त्री अडचणीत टाकते त्याची खुर्ची कवीच्या परिचयाची होती. शिवाय जन्मदात्यांचा पत्ता नसलेल्या सुर्व्यांचे आडनाव त्यांना सांभाळणाऱ्या गिरणी कामगाराचे होते. म्हणजे नोंदवहीतील तो रकानाही त्यांच्या परिचयाचा होता. ह्या चरित्रात्मक माहितीने कवितेचे मूल्य सिद्ध होते, असे मला म्हणावयाचे नाही. ती माहिती नसलेल्या श्रोत्यावरही कविता आपले काम करते. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की विनोद स्त्रीच्या हाती देऊन कवी मास्तरांच्या आणि श्रोत्यांच्या बाजूला जाऊन बसला आहे. तिच्याकडे पाहून कोणी हसावे, ह्यासाठी त्याने तिला उभे केलेले नाही.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला. ह्यामुळे सुर्वे ह्यांची कविता कालबाह्य झाली, असे कोणी म्हणू शकेल. परंतु कविता जर केवळ रकान्याविषयी असती तरच हे म्हणणे टिकले असते. तिचा प्रश्न रकान्याच्या मागून पाहणाऱ्या नजरेविषयी आहे, आणि ती नजर शासननिर्णयाने बदलत नाही. म्हणून ती आजही मोठ्याने वाचता येते, आणि आजही मास्तरांची खुर्ची रिकामी राहत नाही.

७

येथवरच्या विवेचनावरून एक सोपा नियम काढण्याचा मोह होईल : स्वतःला आणि श्रोत्याला समाविष्ट करणारा विनोद प्रामाणिक, इतरांवर रोखलेला अप्रामाणिक. पण हा नियम पुरेसा नाही. पाडगांवकरांच्या ‘सलाम’ (१९७८) ह्या कवितेने त्याची मर्यादा लक्षात येते. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या ह्या कवितेत बोलणारा स्वतःच भित्रा आहे. जो जो मारू शकतो, अडवू शकतो, बुडवू शकतो त्याला तो सलाम करतो. सलामांची यांत्रिक पुनरावृत्ती हसू आणते आणि हळूहळू त्या हसण्याची लाज वाटू लागते. भारुडातील विंचू चावलेल्या माणसाचे आणि ह्या सलाम करणाऱ्याचे नाते जवळचे आहे.

पण अशी कविता अतिशय लोकप्रिय होते तेव्हा काय घडते? आपण सारेच भित्रे आहोत, ही जाणीव आठशे जणांनी एकत्र, हसत, टाळ्या वाजवत साजरी केली, की तिच्यातील बोच कमी होण्याचा धोका असतो. दोष सर्वांचा म्हटला की तो कोणाचाच राहत नाही. स्वतःवर हसणे हे अशा वेळी क्षमा विकत घेण्याचे साधन बनते, आणि कबुली हाच एक नफा ठरतो. ‘सलाम’ ही कविता ह्या धोक्यापुढे अगतिक आहे, असे मी म्हणणार नाही. तिची लांबी आणि तिचा अतिरेक हसू पुरते ओसरेपर्यंत चालू राहतो, हे तिचे बळ आहे. परंतु आत्मसमावेश ही प्रामाणिकपणाची आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नव्हे, हे तिच्या स्वागतावरून लक्षात येते.

मग आणखी काय हवे? हशाने व्यवहार मिटता कामा नये. सुर्वे ह्यांच्या कवितेत हसून झाल्यावरही एक गोष्ट करावयाची उरतेच : नाव लिहावयाचे असते. मूल दारात उभेच आहे. हसणाऱ्याला आपल्या हसण्याचे काय करावे हे कळत नाही, आणि ते हसू त्याच्याच विरुद्ध पुराव्यादाखल जमा होते. अप्रामाणिक विनोद हशाने हिशेब पुरा करतो. प्रामाणिक विनोद हशाला नोंदीत घेतो आणि बाकी पुढे ओढतो. हा फरक कवीच्या मनात डोकावून ठरवावा लागत नाही. तो कवितेच्या रचनेत, हशाच्या नंतर येणाऱ्या ओळीत दाखवता येतो.

ह्यावर असा आक्षेप येईल, की हा विचार हास्यावर नीतीचे ओझे लादतो. निव्वळ मौजेला त्यात जागा नाही. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. करंदीकरांच्या बालकवितेतील विक्षिप्त कल्पनांना किंवा निरर्थकतेच्या खेळाला वरील कसोटी लावणे हास्यास्पद होईल. परंतु प्रामाणिकपणाचा प्रश्न उद्भवतो तो जेथे दावा केला जातो तेथेच. खेळ हा खेळ म्हणून समोर आला तर त्याने कोणाला वचन दिलेले नसते आणि म्हणून त्याच्याकडून वचनभंगही होत नाही. साधी वाणी ‘मी तुमच्याशी खरे बोलतो आहे’ असे सुचवते, आणि हशा त्या सूचनेला पाहता पाहता संमती मिळवून देतो. ह्या दोहोंचा संयोग होतो तेथेच ही कसोटी लागू होते. तेथे ती न लावणे म्हणजे कवितेला गांभीर्याने न घेणे होय.

८

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या यशाचे, म्हणजे सिद्धीचे, दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धीत प्रेक्षकांचे स्मित, हास्य, वाहवा, हळहळ, रोमांच इत्यादी प्रकट प्रतिसाद येतात. दैवी सिद्धीत सभागृह भरलेले असते पण आवाज नसतो, क्षोभ नसतो. भरताने हास्याला सिद्धीबाहेर ठेवलेले नाही, हे महत्त्वाचे आहे. प्रेक्षक हसला हे यशच आहे. पण भरलेल्या सभागृहाची शांतता ही त्याने निराळी सिद्धी मानली आहे. हसवणाऱ्या कवितेच्या संदर्भात ह्या दोन सिद्धींचा क्रमाने विचार करता येईल. ज्या शांततेच्या आधी हशा झालेला नाही ती केवळ आदराची असू शकते, कंटाळ्याचीही असू शकते. हशाच्या पाठोपाठ, हसणाऱ्यांच्याच तोंडी येणारी शांतता मात्र वेगळी असते. आपण आत्ताच काय केले, हे त्यांना उमगल्याची ती खूण असते.

ह्याचा समीक्षेला होणारा उपयोग व्यावहारिक आहे. ‘टाळ्यांची कविता’ हा शेरा टाळ्या झाल्या एवढीच नोंद करतो. त्या कोणत्या ओळीवर झाल्या, त्यानंतर कवितेने त्यांचे काय केले, आणि कार्यक्रमात त्या कवितेच्या मागेपुढे काय वाचले गेले, हे तो विचारत नाही. हसून सुन्न झालेल्या सभागृहाला लगेच दुसरी हलकी कविता ऐकवून मोकळे करणारा कवी पहिल्या कवितेची साक्ष स्वतःच मागे घेतो. हा दोष छापील संग्रहात दिसणार नाही, फक्त वाचनात दिसेल. उलट ‘मनापासून बोलला’ ही प्रशस्ती कवीच्या मनाविषयी असते, आणि ते मन ना रसिकाला उपलब्ध असते ना समीक्षकाला. दोघांनाही उपलब्ध असते ती कविता, तिचे वाचन, आणि ते ऐकताना आपण कोणत्या ओळीवर हसलो ही गोष्ट. श्राव्य कवितेच्या अभ्यासाची सुरुवात ह्या शेवटच्या गोष्टीपासून करावी लागेल. त्यात समीक्षकालाही सूट नाही, कारण वाचनाच्या वेळी तोही श्रोत्यांतच बसलेला असतो आणि मास्तरांची खुर्ची त्याच्याही वाट्याला आलेली असते.